बसायचा पाट

आपल्या घरांमध्ये यादीवाचून पान हलत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला वाणसामानाची यादी होते, गौरी-गणपतीच्या आधी पूजासाहित्याची होते, लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसून याद्या करतात आणि त्यांवर सह्याही होतात. इतकेच काय, तेराव्याला किती पाने होतील याचीही यादी भावकीतला कोणी जाणता माणूस पाठकोऱ्या कागदावर करतो. राहून जाते ती एकच. गेलेल्या माणसाचे काय काय होते, ते कुठे ठेवले आहे आणि आता ते कोणाचे, ही यादी कोणापाशी नसते; आणि ज्याने ती करायची, तो तर निघून गेलेला असतो.

मी एका बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केली. त्यांतली शेवटची नऊ वर्षे माझ्याकडे मयत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल होते. समोर येऊन बसत त्या बहुधा साठी-सत्तरीच्या बायका. सोबत मुलगा, जावई किंवा शेजारच्या घरातले कोणी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत मृत्यूचा दाखला, जुनी पासबुके आणि रबर लावून ठेवलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या. रक्कम किती, हा त्यांचा पहिला प्रश्न कधीच नसे. खुर्चीच्या कडेवर बसून त्या हळूच विचारत, "आता हे सगळं माझ्याच नावावर होणार ना हो?"

"हो" म्हणावे असे फार वाटे. पण तसे म्हणणे माझ्या हातात नव्हते.

रुपयातले चार आणे

नवऱ्याच्या मागे सगळे बायकोचे, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो कोणी तपासून पाहत नाही. कायदा तसे म्हणत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. या कायद्याप्रमाणे एखादा पुरुष इच्छापत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पहिल्या वर्गातल्या वारसांचा सारखा हक्क येतो. या वर्गात त्याची पत्नी आहे, मुलगे आहेत, मुली आहेत आणि त्याची आईही आहे. एखादे मूल आधीच गेले असेल, तर त्याचा वाटा त्याच्या मागे राहिलेल्यांकडे जातो.

याचा हिशेब मांडून पाहावा. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर पत्नीचे रुपयातले चार आणे. सासूबाई हयात असतील तर तेही नाहीत, पाचवा हिस्सा. ज्या घराच्या कर्जाचे हप्ते तिने पै-पै वाचवून फेडायला लावले, त्याच घरात ती चार आण्यांची भागीदार होते. ते विकायचे म्हटले तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. मुले गुणी असली तर बहुतेक घरांत यावाचून काही अडत नाही, हे खरे. पण गुणी मुलाचाही धंदा बसतो, त्याच्यावर कर्ज होते आणि मग त्याच्या चार आण्यांवर धनकोची नजर जाते. त्या वेळी प्रश्न मुलाच्या गुणांचा उरत नाही.

शेजारच्या गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज अमलापासून चालत आलेल्या कायद्यात, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. नवरा गेला तरी तिचा अर्धा भाग तिचा स्वतःचाच असतो, तो वारशात मोजलाच जात नाही. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. आपल्याकडे कायदा ही तजवीज करून ठेवत नाही. ती आपली आपण, हयातीत, कागदावर करावी लागते. त्या कागदाला आपण मृत्युपत्र म्हणतो आणि नावालाच बिचकतो. इच्छापत्र हा शब्द त्याहून बरा. त्यात मरण कमी आणि माणसाची इच्छा अधिक आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

"पण आम्ही नॉमिनी लावलाय की!" हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याला गणती नाही. गाडीतून खाली उतरताना आपण शेजारच्या प्रवाशाला म्हणतो, "जरा बॅगेकडे लक्ष ठेवा." त्याने लक्ष ठेवले म्हणून बॅग त्याची होत नाही. बँकेतल्या नॉमिनीचे बरेचसे तसेच आहे. बँक पैसे त्याच्या हाती देते आणि आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. ते पैसे अखेर कोणाचे, हे ठरते इच्छापत्राने. ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात दिला. सोसायटीतल्या सदनिकेचेही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यात नॉमिनीला वारस निश्चित होईपर्यंतचा तात्पुरता सभासद म्हटले आहे.

म्हणून नॉमिनी लावूच नये असे मात्र नाही. तो नसला की बाईला ठेवीसाठी कोर्टाच्या दाखल्यामागेही धावावे लागू शकते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पाहायचे ते इतकेच की नॉमिनी एक आणि इच्छापत्रातले नाव दुसरेच, असे विनाकारण होऊ नये. भांडणाची पहिली ठिणगी पुष्कळदा तिथेच पडते.

अण्णांचा कागद

रोज दुसऱ्यांच्या घरचे पाहत होते, तेव्हा आपल्या घरातही हा विषय काढणे भागच होते. आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. साताऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, तो त्यांच्या एकट्याच्या नावावर. काही मुदत ठेवी. आणि कराडजवळ वडिलोपार्जित सव्वा एकरातला हिस्सा. आम्ही तीन भावंडे. मी थोरली, मधला भाऊ पुण्यात, धाकटी बहीण नाशिकला. २०१४ च्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर सगळे घरातच होतो, तेव्हा मी बोलले.

आई लगेच म्हणाली, "सणासुदीचं काय गं हे अभद्र!"

अण्णा हसले. "अभद्र कसलं? पण लिहायचंय काय त्यात? माझ्यामागं सगळं हिचंच आहे की."

"नाही अण्णा. कायद्यानं आईचे चारच आणे."

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला. "आणि बाकीचे बारा?"

"आम्हा तिघांचे."

भाऊ अवघडला. "अण्णा, आम्ही कुठं काय मागतोय?"

"तू नाही मागत रे," अण्णा म्हणाले. "पण उद्या तुझं काही कमी-जास्त झालं, तर तुझ्या जागी दुसरं कोणीतरी मागेल. ते हिला ओळखत असेल का?"

मग त्यांनी आईला विचारले, "तुला काय पाहिजे, सांग." पन्नास वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला असा सरळ कोणी विचारला नव्हता. ती बराच वेळ फराळाच्या ताटातले शेव चिवडत राहिली. मग म्हणाली, "मला या घरातून कोणी 'चल' म्हणू नये. पुण्याला, नाशिकला जायचं तर मी माझ्या मनानं जाईन."

आमच्या घरचे इच्छापत्र खरे तर त्या वाक्यात होते. पुढचा सगळा मजकूर हा त्याचा तपशील.

भावाने सुचवले की आईला तहहयात राहण्याचा हक्क द्यावा आणि तिच्यानंतर तिघांना सारखे. तो चांगल्या मनाने बोलत होता आणि पुष्कळ इच्छापत्रांत असेच लिहिलेले असते. पण अण्णा म्हणाले, "राहायचा हक्क म्हणजे विकायचा नव्हे. उद्या हिला दवाखान्याला पैसे लागले, तर हिनं तुमच्या सह्या मागत बसायचं का?" फ्लॅट आणि ठेवी आईला पूर्ण मालकीने द्यायच्या असे ठरले. शेतात अण्णांना फक्त स्वतःच्या हिश्शाबद्दल लिहिता येत होते. आम्हा बहिणींचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने भावाइतकाच झालेला होता. (तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने मुलीच्या हक्काला बाध येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.)

सगळे गोडीगुलाबीने झाले असे सांगणार नाही. धाकटीच्या घरी त्या वर्षी ओढाताण होती, मेहुण्यांची नोकरी सुटली होती. तिला आत्ताच काही हवे होते आणि ते बोलता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ती रडली. अण्णांच्या कानावर गेले, तेव्हा त्यांनी एक ठेव मोडून तिला पैसे दिले आणि तेही आम्हा सर्वांना सांगून. भावाच्या घरी त्यावर थोडी कुरकुर झाली. तीही अण्णांपर्यंत पोचली आणि त्यांनी फोनवर तिला उत्तर दिले. हे मला फार मोलाचे वाटते. जी काही नाराजी व्हायची होती, ती ज्याच्याजवळ उत्तर होते त्या माणसासमोर झाली. त्याच्या मागे झाली असती, तर तिला उत्तर देणारे कोणी नव्हते.

२०१९ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर आमच्या घरात काय झाले म्हणाल, तर काहीच झाले नाही. सोसायटीचा भागदाखला आईच्या नावावर झाला, ठेवी तिच्या नावावर आल्या, शेताची वारस नोंद झाली. दोन वर्षांनी तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले, तेव्हा तिने स्वतःच्या सहीने एक पावती मोडली आणि नंतर आम्हाला कळवले.

ताट आणि पाट

जुनी माणसे सांगत, जेवायचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये. अलीकडे हा पाट हयातीतच देऊन टाकण्याची घाई पुष्कळ दिसते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा जोडीदार यांना बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते. स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. "नंतर कटकट नको, आत्ताच नावावर करून टाकू," असे कोणी सुचवतो आणि म्हातारा-म्हातारी मायेपोटी सही करतात. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे पेन्शनचा पत्ता बदलायला आले होते. घर मुलाच्या नावावर करून दिल्याला दोन वर्षेही झाली नव्हती आणि नवा पत्ता वृद्धाश्रमाचा होता. मुलाबद्दल ते एक शब्दही वाईट बोलले नाहीत. फक्त फॉर्मवरच्या "कायमचा पत्ता" या ओळीपाशी त्यांचे पेन थांबले.

अशांसाठी कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र ही अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मधल्या उर्मिला दीक्षित खटल्यात याच कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगून आईला दिलासा दिला. म्हणजे द्यायचेच असेल, तर सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावी. पण सत्तरीनंतर न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागणे हेच मुळात दुःखाचे. इच्छापत्र शुद्धीवर असेतो कितीदाही बदलता येते. बक्षीसपत्र एकदा झाले की सहजी फिरवता येत नाही. फरक ध्यानात ठेवावा तो हा.

तिचेही इच्छापत्र

इच्छापत्र हे पुरुषांचे काम, असे अजून समजले जाते. तिच्याजवळ काय आहे, दोन बांगड्या आणि मंगळसूत्र? आता ते दिवस गेले. बायकांच्या नावावर घरे आहेत, ठेवी आहेत, फंड आहे. आणि इच्छापत्राची गरज तिला त्याच्याहून काकणभर जास्तच आहे. हिंदू स्त्री इच्छापत्राविना गेली, तर तिची मालमत्ता पहिल्यांदा मुले आणि नवरा यांच्याकडे जाते. दोन्ही नसतील, तर स्वतः कमावलेली मालमत्तासुद्धा जाते नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. वडिलांकडून किंवा आईकडून वारशाने आलेले तेवढे, मूलबाळ नसल्यास, माहेरी परतते.

हे किती टोकाला जाऊ शकते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधल्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या निकालात दिसते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी. सासरच्यांनी घराबाहेर काढली, माहेरच्यांनी शिकवली, नोकरी करून तिने पैसे साठवले. १९९६ मध्ये ती इच्छापत्र न करता गेली. ते पैसे न्यायालयाने अखेर नवऱ्याच्या वारसांना दिले, कारण कायद्याची भाषा तशीच होती. तिने एक कागद लिहिला असता, तर तो खटला उभाच राहिला नसता.

शेतकरी घरांमध्ये हा विचार नवा नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांनी लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली, तेव्हा शेतकऱ्यांनी हयातीतच, आपल्या हाताने, जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करून दिली होती. सातबारावर तिचे नाव असणे म्हणजे काय, हे तेव्हा गावोगावच्या बायकांना वेगळे समजावून सांगावे लागले नव्हते.

कागद साधाच लागतो

इच्छापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. कोरा कागद चालतो, मराठी चालते, हाताने लिहिलेले चालते. लिहिणारा सज्ञान आणि भानावर असावा. त्याने सही करावी, ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याची मुख्य मागणी एवढीच आहे. साक्षीदार वयाने आपल्याहून लहान आणि ज्याला त्यातून काही मिळणार नाही, असा निवडणे शहाणपणाचे. वय झाले असेल, तर प्रकृती व मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी जोडावा. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली की पुढे शंका घेणे अवघड जाते. कारभार पाहणाऱ्या विश्वासू माणसाचे नाव लिहावे. तारीख न विसरता घालावी, कारण शेवटचे इच्छापत्र तेच खरे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मुलाला दिलेले कुलमुखत्यारपत्र आई-वडिलांच्या मृत्यूबरोबर संपते. त्यावर नंतर बँकेत काही करता येत नाही. मुस्लिम कुटुंबांत इच्छापत्राने साधारणपणे एक तृतीयांशापुरतेच देता येते, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसाहक्क १९२५ च्या कायद्यात वेगळे आहेत. म्हणून मसुदा पक्का करण्याआधी जाणत्या वकिलाला दाखवलेला बरा.

इच्छापत्राइतकीच गरज एका साध्या वहीची आहे. कोणत्या बँकेत काय, विमा कुठे, लॉकरची किल्ली कुठे, कोणाचे देणे, कोणाकडून येणे. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसांना त्या मागता येतात, आणि त्या शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळही काढले. पण आपल्या वडिलांचे पैसे आपल्यालाच शोधत बसावे लागणे, यात कसला आनंद?

राहता राहिला विषय काढण्याचा प्रश्न. मुलांनी काढला तर हावरटपणा दिसतो, आई-वडिलांनी काढला तर अभद्र वाटते आणि सुनेने किंवा जावयाने काढला तर विचारायलाच नको. माझ्या टेबलावर जे पाहिले, त्यावरून एक सुचवावेसे वाटते. "कोणाला काय?" या प्रश्नाने सुरुवातच करू नये. "दोघांपैकी जो मागे राहील, त्याचे कसे?" असे विचारावे. या प्रश्नात कोणाचा लोभ नाही आणि कोणाचा अपमानही नाही. त्याचे उत्तर एकदा मिळाले की उरलेल्याची वाटणी करायला एक रविवार पुरतो.